टीबीच्या जंतूवर स्ट्रेसचं काम घेताय? आधी कल्चर कसं काढता ते सांगा

एमएस्सी करून टीबीच्या लॅबमध्ये शिरलेल्या आणि 'स्ट्रेस रिस्पॉन्स' गळ्यात पडलेल्या मंडळींसाठी हे लिहितेय. सिग्मा फॅक्टर, क्यूपीसीआर वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

विषय झकास आहे, यात शंका नाही. मॅक्रोफेजने (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीने) गिळलं की या जंतूच्या वाट्याला आम्ल, नायट्रिक ऑक्साइड आणि लोहाची टंचाई येते, पुढे गाठीच्या आत ऑक्सिजनचाही दुष्काळ. कोणती जनुकं चालू करायची ते ठरवणारे १३ सिग्मा फॅक्टर त्याच्याकडे आहेत. आम्लाला फोपी हे नियंत्रक प्रथिन उत्तर देतं. लोह आटलं की आयडीईआर या लोहावर चालणाऱ्या नियंत्रकाची पकड सुटते आणि मायकोबॅक्टिन (लोह ओढून आणणारा रेणू) बनवणारी जनुकं चालू होतात. ऑक्सिजन घटला किंवा नायट्रिक ऑक्साइड आला, तर डॉसएस आणि डॉसटी या सेन्सर प्रथिनांना चाहूल लागते, ती डॉसआर या नियंत्रकाला कळवतात आणि सुमारे ४८ जनुकं उठतात. (जुने पेपर शोधताना डॉसआरचं दुसरं नाव 'डेव्हआर' टाका. दिल्लीच्या एम्समधलं महत्त्वाचं काम त्याच नावाने सापडेल.)

आता खरी गोम. हा सगळा प्रतिसाद काही मिनिटांत सुरू होतो आणि तुमचा सेंट्रिफ्यूजही काही मिनिटंच फिरतो. फ्लास्कमध्ये मजेत वाढणारा जंतू पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या गोळ्यात) दाबला गेला की तिथला ऑक्सिजन तो बघता बघता संपवतो. म्हणजे स्ट्रेस न दिलेल्या कंट्रोललाच हायपॉक्सिया, ऑक्सिजनची टंचाई! मग कंट्रोलमध्येही एचएसपीएक्स (डॉसआर उठवतो त्यातलंच एक जनुक) वर चढतं, फरक पुसला जातो आणि आपण प्रायमरला शिव्या घालत बसतो. मीही घातल्या आहेत. बंद ट्यूबमध्ये ऑक्सिजन संपू देण्याच्या वेन मॉडेलमध्ये नेमकं उलटं होतं. मिथिलीन ब्लूचा (ऑक्सिजन संपला की फिका पडणाऱ्या रंगाचा) रंग जाईपर्यंत हळूहळू ऑक्सिजन संपू दिलेली ट्यूब उघडली, की हवा आत. भरभर वाढणाऱ्या कल्चरमध्ये या जंतूच्या एमआरएनएचं (जनुकाच्या तात्पुरत्या प्रतीचं) सरासरी अर्धायुष्य साडेनऊ मिनिटांच्या आसपास असतं. हवा लागलेल्या कल्चरची ट्यूब हातात धरून तुम्ही रोटर रिकामा व्हायची वाट बघत असाल, तर जे मोजायचं ते निसटून जातंय.

म्हणून कल्चर हलवण्याआधीच त्यात चौपट ५ मोलर ग्वानिडिनियम थायोसायनेट (प्रथिनं निकामी करणारं रसायन) ओता, मगच फिरवा. जंतूचं कवच त्याने फुटत नाही, पण आरएनए आहे त्या स्थितीत थांबतो. कवच बीड बीटिंगने (बारीक मण्यांसोबत जोरात हलवून) नंतर फोडा. आणि कवच शाबूत असतं, तेव्हा ग्वानिडिनियम ओतलं म्हणजे जंतू मेला असं समजून ट्यूब बीएसएल-३च्या (धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त लॅबच्या) बाहेर काढू नका. कंट्रोल आणि स्ट्रेस दोन्हींना अगदी तीच वागणूक द्या. कंट्रोल 'नंतर निवांत' काढायचा नसतो.

मीडियाही वाचून घ्या. मीडियात घालायच्या एडीसी या पूरकामधलं शेवटचं अक्षर कॅटालेजचं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमचं. त्याच मीडियात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिला म्हणणारे सीनियर मी पाहिलेत. आम्लाच्या प्रयोगात जंतूचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून घालायचं डिटर्जंट ट्वीन-८० टाळा, त्याऐवजी टायलोक्सापॉल घ्या. ट्वीनमधून सुटणारं ओलेइक आम्ल कमी पीएचला जंतूला मारतं आणि तुम्ही ते पीएचच्या नावावर खपवता.

बीएसएल-३चा नंबर लागत नाही म्हणून एच३७आरए (रोग न करणारा, दुबळा टीबीचा वाण) वापरण्याबद्दल माझं मत कडवट आहे. त्याचा फोपीच बिघडलेला आहे, मग आम्लाचा प्रतिसाद कुणाचा मोजणार? सरावाला मात्र तो उत्तम. आरएनए काढायला हात बसेपर्यंत खुशाल वापरा. गाइड 'प्रोटोकॉल सेट आहे' म्हणाले, तर तो शेवटचा कोणी आणि कधी चालवला ते विचारा. राग आला तरी विचारा.

वेग कमी वाटेल, वाटू द्या. हा जंतू दुप्पट व्हायलाच २० तासांच्या आसपास घेतो, प्लेटवर कॉलनी दिसायला तीन-चार आठवडे. शेजारच्या ई. कोलायवाल्या मैत्रिणीचे आलेख बघून रडू नका. पहिला स्वच्छ आरएनए उशिराच येतो, सगळ्यांचाच.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी पाळा. ग्वानिडिनियम थायोसायनेट असलेल्या कचऱ्यात ब्लीच ओतायचं नाही, विषारी वायू निघतो. बीएसएल-३मध्ये हात सवयीने हायपोक्लोराइटकडेच जातो, म्हणून त्या कचऱ्याचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.