रिलीज मेडिकल बोर्डाला जाण्याआधी

सैन्यातून निवृत्त होताना जी वैद्यकीय तपासणी होते ती म्हणजे रिलीज मेडिकल बोर्ड. त्याची तारीख हातात पडली असेल तर आधी हे वाचा. माझ्या गुडघ्याला बोर्डाने ३० टक्के अपंगत्व (डिसॅबिलिटी) दिलं. मी तेवढा आकडा पाहिला, सही केली आणि गावी आलो. पेन्शन सुरू झाली, पण डिसॅबिलिटीचा एक रुपया त्यात नव्हता. त्याच कागदावर पुढच्या रकान्यात लिहिलं होतं की व्याधी सेवेमुळे झालेली नाही आणि सेवेने वाढलेलीही नाही. म्हणून पेन्शनला पात्र टक्के शून्य. तो रकाना मी वाचला नव्हता आणि कागदाची प्रतही घेतली नव्हती. बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत घेतल्याशिवाय युनिट सोडू नका. पूर्ण म्हणजे सगळी पानं.

डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक तुम्ही ठेवालच. एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, भरती असतानाचे कागद एका फाइलला लावा. जखम असेल तर जखमेचा अहवाल हवाच, आयएएफवाय २००६, कमांडिंग ऑफिसरच्या सहीचा. माझा गुडघा गेम्स परेडला, म्हणजे युनिटच्या खेळाच्या तासाला, गेला, म्हणजे ड्युटीवरच, पण अहवाल शोधायला मी उठलो तो घरी आल्यावर. आजार असेल तर भरतीच्या वेळच्या मेडिकलची नोंद मागा. तेव्हा काही लिहिलेलं नसेल तर माणूस धडधाकट भरती झाला असंच धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

आता टक्के. निवृत्त होताना किमान २० लागतात. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाचे ३० टक्के मिळतात, कमी असेल तर त्या प्रमाणात. त्यावर राउंडिंग: ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, त्यापुढे १००. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१४ चा. म्हणजे वेतन ४०,००० असेल तर ३० टक्केवाल्याला ३,६०० ऐवजी ६,००० रुपये, वर महागाई. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, त्यात 'इम्पेअरमेंट रिलीफ' हा वेगळा प्रकार आहे. त्यानंतर सुटणाऱ्यांनी माझा हिशेब जसाच्या तसा धरू नये. आणि कारणाच्या रकान्यात 'नाही' असेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. तो रकाना वाचा. प्रत घ्या.

व्याधी १०० टक्के असेल आणि सांभाळायला कायम माणूस लागत असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स वेगळा मिळतो, पण बोर्डाने तशी शिफारस लिहिलेली असावी लागते. घरच्यांनी हे तिथेच विचारावं. लढाईतली जखम असेल तर वॉर इंज्युरी पेन्शन, तिचे दर जास्त.

नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील. पत्राचं पाकीटही ठेवा, तारखेसाठी. माझे त्यातले पाच महिने माहितीच्या अधिकारात प्रत मिळवण्यात गेले. पुढे दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्याकडे मुंबईचं खंडपीठ. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचा, पासवर्ड घरात कुणाला तरी माहीत असू द्या. अपिलाला सगळ्यात वर जोडायची ती बोर्डाची प्रत.