नाशिकची वाइन सहल: या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकला जायचं, वेलींवर लटकलेल्या घडांसोबत फोटो काढायचे, असा बेत कानावर आला की मी आधी तारीख बदलायला लावतो. मे महिन्यात वेलीवर घड नसतातच. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती फक्त काडी, म्हणजे वेलीची फांदी, तयार व्हावी म्हणून. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण फळ धरतं ते ऑक्टोबर छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, म्हणून फेब्रुवारीचाच शनिवार-रविवार गाठा. हे मणी बाजारातल्या थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षांसारखे नसतात. लहान, जाड सालीचे, बियांचे असतात. बागेतल्या माणसाला विचारून एक तोंडात टाका, मग पेल्यात काय उतरलंय ते जास्त कळतं.

जोडून सुट्टी आली म्हणून 26 जानेवारीला निघणारे दरवर्षी भेटतात. त्या दिवशी ड्राय डे असतो, म्हणजे दारूविक्री बंद, हे बुकिंगआधी बघायला एक मिनिटही लागत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती ‘एका दिवसात चार वायनरी’ (वाइन बनवण्याची ठिकाणं) या हट्टाची. नकाशावर सगळीकडे नाशिक लिहिलेलं असतं, म्हणून सगळं शेजारी-शेजारी वाटतं. सुला, यॉर्क, सोमा गंगापूर धरणाच्या बाजूला. शांदों दिंडोरीकडे. ग्रोव्हर झाम्पा इगतपुरी तालुक्यात, सांजेगावला. विंचूरचा वाइन पार्क निफाडच्याही पुढे. तोंडं चार दिशांना.

माझा मावसभाऊ मित्रांना घेऊन असाच निघाला. मी नको म्हटलं होतं. कसारा घाटात ट्रक बंद पडलेला, त्यात सकाळ गेली. उशीर भरून काढायचा म्हणून जेवण टाळलं आणि उपाशीपोटी टेस्टिंगला, म्हणजे वाइन चाखायला, बसले. तिसऱ्या ठिकाणी शिराझ कुठली नि कॅबर्ने कुठली (दोन्ही लाल वाइन) हे एकालाही सांगता येईना, चौथं ठिकाण बंद झालेलं. गाडी चालवणारा ‘मी फक्त घोट घेतो’ म्हणत प्रत्येक ठिकाणी घोट घेतच होता. रात्री मला फोन, ‘‘दादा, आता गाडी कोण चालवणार?’’ मी सांगितलं, किल्ली खिशात ठेव, गाडी तिथेच राहू दे आणि टॅक्सी बोलव. शनिवारची रात्र, खोल्या भरलेल्या. शेवटी नाशिकरोड स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीने झोपले. कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही, आणि टेस्टिंगचे छोटे घोट मोजायचं भान कोणालाच राहत नाही.

माझी सवय सांगतो. एका दिवसात एकच बाजू, दोनच ठिकाणं: एक जेवणाआधी, एक उन्हं उतरल्यावर. मध्ये पोटभर जेवण आणि झोप. हॉटेलातून दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट घ्यायची. तो खर्च वाचवणाऱ्यांशी मी वादही घालत नाही, त्यांच्याबरोबर जात नाही. टेस्टिंगला तोंडातली वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरायला लाजू नका.

नाशिकची मिसळ हवीच, पण टेस्टिंगच्या सकाळी नको. तर्रीने पोळलेल्या जिभेला शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची नाजूक चव कशी लागणार? ती रविवारी परतायच्या आधी खा. अत्तर, सेंटही त्या दिवशी घरीच. वाइनसाठी वयाची अट 21 आहे, तेव्हा कॉलेजच्या पोरांनी आधार कार्ड जवळ ठेवावं.

बाटल्या अगदी शेवटी घ्या. फेब्रुवारीतही दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते आणि वाइनची चव बिघडते. मी थर्माकोलचा खोका घरूनच नेतो, बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यात आडव्या ठेवतो आणि तो खोका डिकीत न टाकता मागच्या सीटच्या पायाशी, एसीच्या गारव्यात ठेवतो.