तेरेखोल ते पोळे: फेरीबोटीसह गोव्याच्या किनारी प्रवासाची आखणी

गोव्याचा किनारा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत गाडीने पाहायचा असेल, तर आखणीची सुरुवात नद्यांपासून करावी. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी आणि साळ या नद्या वाटेत आडव्या येतात. बहुतेक ठिकाणी आता पूल झाले आहेत, तरी काही पाणवाटांवर राज्य सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी अजूनही गाड्या आणि माणसे पलीकडे नेतात. मुक्काम, जेवण आणि देवदर्शन यांच्या वेळा पुढेमागे करता येतात, पण भरती-ओहोटी आणि फेरीच्या वेळा आपल्या हातात नसतात. म्हणून आधी फेरीची वेळ नक्की करावी आणि उरलेला दिवस तिच्याभोवती बसवावा.

सिंधुदुर्गाकडून येणाऱ्यांनी शिरोडा-रेडी मार्गे थेट तेरेखोलला उतरावे. हे गाव गोव्याचे असले तरी नदीच्या उत्तर तीरावर आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून तेथे रस्त्यानेच पोहोचता येते. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला आणि 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला तेथील किल्ला लहान आहे, पण 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला होता, तेवढ्यासाठी तरी तेथे थांबावे. किल्ल्यावरून समोर केरीचा सुरूच्या झाडांचा किनारा आणि मधले नदीमुख दिसते. तेच ओलांडून आपल्याला पलीकडे जायचे असते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती याच ठिकाणी. मुखाशी वाळू साठलेली असते आणि ओहोटीला पाणी फार उतरले की फेरी काही काळ थांबू शकते. भरतीच्या वेळेचा अंदाज काढण्याचा कोकणातील जुना हिशेब येथेही उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, संध्याकाळी पाचच्या पुढे, पूर्ण ओहोटी. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल जाते. तेव्हा उधाणाच्या दिवशी तेरेखोल सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान पार करावे आणि संध्याकाळवर ढकलू नये. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, असल्यामुळे पाणी तितके उतरत नाही आणि अडचणही कमी होते. या हिशेबात पाऊण-एक तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक जरूर पाहावे. फेरी बंद असलीच, तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून वळसा घालता येतो. उलट दिशेने जाणाऱ्या आणि भाड्याची गाडी घेतलेल्या प्रवाशाने मात्र गाडी राज्याबाहेर नेण्याची परवानगी मालकाकडून आधीच घ्यावी, कारण तेरेखोलला रस्त्याने जायचे तर महाराष्ट्रातूनच जावे लागते.

धक्क्यावर रांगेत उभे राहताना उतरणाऱ्या गाड्यांसाठी वाट मोकळी ठेवावी आणि खलाशाने हात केल्याशिवाय पुढे सरकू नये. गाड्यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे राहावे म्हणून तो जागा ठरवून देतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. उताराचा खालचा भाग भरतीला पाण्याखाली जातो, त्यामुळे ओहोटीत तेथे शेवाळ उघडे पडलेले असते. दुचाकीस्वाराने मागे बसलेल्या माणसाला उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता सावकाश जावे. तळ खाली असलेल्या मोटारीने धक्का आणि फेरीची फळी जेथे जुळते तेथे किंचित तिरके चढावे, म्हणजे बंपर घासत नाही. आत गेल्यावर इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि रात्री हेडलाइट विझवावेत. चालत जाणाऱ्यांना भाडे नाही, चारचाकीला थोडे शुल्क पडते, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत.

केरीहून हरमल, मांद्रे, मोरजी या वाटेने चोपडेचा पूल ओलांडून शिवोलीला यावे आणि म्हापशाच्या गर्दीत न अडकता हळदोणे-पोंबुर्फा या बाजूने चोडणची फेरी धरावी. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, रायबंदरला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्याजवळच, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीतले ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे जग पाहायला सकाळ उत्तम, पण चोडण-रायबंदर फेरीवर सकाळ-संध्याकाळ नोकरीला आणि शाळेला जाणाऱ्यांची रीघ असते. बेटावरच्या माणसांना हा रोजचा रस्ता आहे, आपल्याला सहलीची वाट. तेव्हा गर्दीच्या वेळी एखादी फेरी सोडून द्यावी, यात आपले काहीच बिघडत नाही. येथील फेरी चुकली तर मयेमार्गे डिचोलीकडे रस्ता आहे. दिवाडी बेटाला मात्र पूल नाही, म्हणून तेथे संध्याकाळी उतरण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारून ठेवावी. दिवाडीहून नार्वेची फेरी घेतली की शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ जवळ येते. दिवाडीवरचे देऊळ उद्ध्वस्त झाल्यावर देव जसा नदीपार गेला, त्याच दिशेने आपणही जातो, म्हणून नार्वेला रस्त्याने जाण्याचा पर्याय असला तरी हा टप्पा फेरीनेच करावा असे मला मनापासून वाटते.

पहिला मुक्काम पणजीत किंवा जुने गोव्याच्या परिसरात ठेवावा. दुसऱ्या दिवशी झुआरी पुलावरून सासष्टीत उतरून कोलवा, बाणावली करत केळशी गाठावी आणि साळ नदीवरची केळशी-असोळणा फेरी घ्यावी. ही पाणवाट अगदी लहान आहे, आणि ती बंद असेल तर मागे ओर्लीला येऊन पुलावरून चिंचिणीमार्गे जाता येते. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणा किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारले आणि एक जण साळ नदीत उडी घेऊन निसटला, असे सांगतात. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत आहे आणि वाट थोडी वाकडी करून ते पाहण्यासारखे आहे.

बेतूलपासून पुढचा रस्ता चढ-उतारांचा आणि वळणांचा आहे. टाकी त्याआधीच भरून घ्यावी. काब द रामच्या किल्ल्यावर दुपारी चारनंतर पोहोचल्यास समुद्रावरचा उजेड चांगला मिळतो, मात्र तेथून आगोंदपर्यंतचा रस्ता अंधार पडण्यापूर्वी संपवावा. पावसाळ्यात किल्ल्याभोवतीचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, हिरवागार होतो, पण त्या दिवसांत नदीला ओढ असते आणि फेऱ्या खोळंबतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. आगोंद आणि गालजीबाग येथे याच काळाच्या उत्तरार्धात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर विजेरी पाजळू नये आणि वाळूत गाडी नेऊ नये. काणकोणला राष्ट्रीय महामार्ग 66 चा नवा वळणरस्ता गावाबाहेरून जातो. पाळोळे पाहायचे असल्यास तो न धरता जुन्या रस्त्याने चावडी या गावातून जावे आणि पुढे गालजीबाग करून पोळेला कर्नाटकाची हद्द गाठावी.