मागच्या गडद काचांना पुढची सनफिल्म जुळवताय? या चुका टाळा

महिन्यात चार-पाच गाड्या माझ्याकडे फिल्म लावायला नाही, लावलेली काढायला येतात. तक्रार ठरलेली. मागच्या काचा कंपनीतूनच गडद आल्या होत्या, पुढच्या दोन दारांना बाहेर कुठेतरी फिल्म मारून घेतली, आणि आता गाडी दोन वेगळ्या गाड्या जोडल्यासारखी दिसते. मागे हिरवट काळा, पुढे निळसर काळा. वर पावती फाडली गेली ती वेगळीच. परळमध्ये एकवीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि यातल्या बहुतेक चुका फिल्म काचेला लागायच्या आधीच झालेल्या असतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. कंपनीची प्रायव्हसी ग्लास, म्हणजे कारखान्यातूनच येणारी ती गडद काच, ही रंगवलेली नसते. काच वितळवतानाच तिच्यात लोह, कोबाल्ट, सेलेनियम असे पदार्थ मिसळतात. रंग काचेच्या पूर्ण जाडीत असतो, म्हणून तो उडत नाही, सोलत नाही. फिल्म म्हणजे पॉलिस्टरचा पातळ थर, तोही आतून चिकटवलेला. दोन्ही जवळून हुबेहूब एकसारख्या कधीच दिसणार नाहीत. दहा फुटांवरून नजर अडखळू नये, एवढं साधलं की काम झालं.

फिल्मच्या खोक्यावरचा आकडा म्हणजे काचेचा आकडा नव्हे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो आणि सगळ्यात जास्त वेळा समजावतो.

मागच्या वर्षी मुलुंडचे एक गृहस्थ आले. बाहेरून आयात केलेली सात सीटची मोठी गाडी, मागच्या काचा चांगल्याच गडद. त्यांनी दुसरीकडे पुढच्या दारांना ‘५०ची’, म्हणजे ५० टक्के उजेड सोडणारी, फिल्म लावून घेतली होती. लावणाऱ्याने खोका दाखवून सांगितलं, "साहेब, कायद्यात ५० चालतं, हे बघा लिहिलंय." माहीमला गाडी अडवली, दंड झाला. ते चिडून माझ्याकडे आले, हातात तो रिकामा खोका. "दादा, ५० लिहिलंय ना? मग माझी चूक काय?"

मी उजेड मोजायचा मीटर लावला. काच आणि फिल्म मिळून आकडा आला ३८. एका दाराची फिल्म सोलली आणि नुसत्या काचेला मीटर लावला. आला ७६. म्हणजे मूळची काचच शंभरातला ७६ भाग उजेड आत सोडत होती, आणि फिल्मने त्यातला निम्मा अडवला. ७६ चा निम्मा ३८. हिशेब बेरजेचा नाही, वजाबाकीचा नाही, गुणाकाराचा आहे. खोक्यावरचा आकडा फक्त फिल्मचा. रस्त्यावर मोजतात ते काच आणि फिल्म मिळून.

नियम काय आहे तेही नीट ऐका, कारण त्यावर अर्धवट ज्ञान फार फिरतं. पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेतून किमान ७० टक्के उजेड जायला हवा, बाजूच्या काचांतून किमान ५०. बाजूच्या म्हणजे सगळ्याच, मागच्या दाराच्याही. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला आणि ४ मेपासून काचेवर नंतर वेगळ्या चिकटवलेल्या फिल्मवर सरसकट बंदी आली, मग ती कितीही फिकट असो. ते दिवस मला आठवतात. दुकानासमोर रांग असायची आणि आम्ही दिवसभर फक्त फिल्म सोलायचो. पुढे मोटार वाहन नियमांतला काचांबद्दलचा नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून आयएस २५५३ या मानकात बसणारा प्लास्टिकचा थर आतून असलेली काच चालते, पण ७० आणि ५० ची मर्यादा तशीच. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की या मर्यादेतल्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. पण तो निकाल केरळचा. मुंबईत नाक्यावर तुम्हालाच सगळं समजावून सांगावं लागेल, म्हणून फिल्मचं बिल आणि कंपनीचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा.

आता गणित करा. पुढच्या दाराची काच ७५ ची असेल तर ७० ची फिल्म लावून साडेबावन्न उरतात. चाललं. काच ७० चीच असेल तर तीच फिल्म ४९ वर नेते, म्हणजे गेलं. म्हणून मी कुठलीही फिल्म खोक्यातून काढायच्या आधी नुसत्या काचेला मीटर लावतो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी लावतो. ज्याच्या दुकानात मीटर नाही, त्याच्याकडे हे काम करून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

समोरच्या मोठ्या काचेचं तर बोलूच नका. ती ७७ ची असली आणि वर ९० ची एकदम पारदर्शक फिल्म लावली, तरी आकडा ७० च्या खाली घसरतो. मी ती काच मोकळीच ठेवतो.

मग मागे कंपनीचीच २० ची काच असेल, जी स्वतःच या मर्यादेत बसत नाही, तर पुढे काय जुळवायचं? काळेपणा नाही. तो कायद्यात बसवून जुळणारच नाही. जुळवायचा तो रंगाचा कल आणि चमक. हे ऐकल्यावर निम्मे लोक नाराज होऊन जातात. जाऊ देतो. नवीन गाडी घेतलेली तरुण मुलं तर म्हणतात, "मामा, रात्री कोण बघतंय, मारा काळी." काळी फिल्म लावून पावसाळ्याच्या रात्री लालबागच्या गर्दीतून गाडी वळवताना डाव्या बाजूची दुचाकी दिसत नाही. ते काम मी करत नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही.

ट्यूबलाइटखाली रंग ठरवणं

ही दुसरी चूक, आणि यात माझ्याच दुकानाची कथा आहे. पार्ल्याच्या एक ताई संध्याकाळी सातला आल्या, सकाळी त्यांना नाशिकला निघायचं होतं. माझ्याकडच्या मुलाने दुकानाच्या दिव्यात नमुना धरला, मागच्या काचेशी अगदी जुळला. त्यांनी मान डोलावली, रात्री दहापर्यंत दोन्ही दारं झाली. सकाळी साडेसातला फोन. "अहो, उन्हात पुढची काच निळी दिसतेय." मी वाटेतच त्यांची गाडी पाहिली. खरंच निळी होती. मागची काच हिरव्या कलाची, फिल्म कोळशाच्या रंगाची, आणि दुकानाच्या दिव्यात तो फरक पुसला गेला होता. त्या परत आल्यावर दोन्ही फिल्म माझ्या खर्चाने काढल्या आणि पुन्हा केल्या.

तेव्हापासून संध्याकाळी पाचनंतर मी रंग ठरवत नाही. घाई असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणतो. माझी सवय अशी: आधी मागच्या काचेआड पांढरा कागद धरायचा. कागदावर काचेचा खरा कल कळतो, हिरवट आहे की राखाडी की तपकिरी. मग फिल्मच्या पट्ट्या पुढच्या काचेला आतून साबणाच्या पाण्याने चिकटवायच्या, काच पूर्ण वर, दार बंद. हातात पट्टी धरून बाहेरून बघण्याचा काही उपयोग नाही. मग रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून बघायचं, उन्हात एकदा, सावलीत एकदा.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुढच्या भागात समोरच्या मोठ्या काचेतून भरपूर उजेड येतो, मागचा भाग तसाही अंधारा. त्यामुळे समान आकड्याची काचसुद्धा पुढे फिकट आणि मागे गडद दिसते. आत सीट काळ्या असल्या की फरक कमी वाटतो, फिकट बदामी असल्या की उठून दिसतो. गाडीत बसायच्या जागा कुठल्या रंगाच्या आहेत हे पाहिल्याशिवाय मी पट्टी निवडत नाही.

मागच्या गडद काचेवर आणखी फिल्म

"मागेही तीच फिल्म मारा, म्हणजे चमक सारखी येईल." नाही. २० च्या काचेवर ७० ची फिल्म म्हणजे १४. रात्री सोसायटीच्या गेटमधून मागे घेताना वॉचमन दिसणार नाही. उन्हाचा त्रास होत असेल ही गोष्ट खरी आहे, कारण गडद काच स्वतः तापते आणि ती उष्णता आत सोडते. पण मागच्या सीटवर लहान मूल बसत असेल तर सहज काढता येणारी जाळी लावा. फिल्मने ती काच आणखी काळी करू नका.

काचेच्या कोपऱ्यातला शिक्का न वाचणं

प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात कोरलेला शिक्का असतो. युरोपीय शिक्क्यात ४३आर असतं, आणि त्यासोबत तिरपी रेघ देऊन रोमन पाचसारखा ‘व्ही’ दिसला की ती काच ७० टक्क्यांहून कमी उजेड सोडते. अमेरिकन शिक्क्यात एएस-२ म्हणजे किमान ७०, एएस-३ असेल तर तशी अट नाही. चारी दारांचे शिक्के वाचा. एखादी काच अपघातानंतर बदललेली असते, दुसऱ्या कंपनीची, आणि मालकालाही ते माहीत नसतं. अशा गाडीत फिल्म कितीही चांगली लावली तरी एक दार वेगळंच दिसणार. आधी सांगून टाका.

छोट्या चुका

स्वस्त रंगीत फिल्म घेऊ नका, मुंबईच्या उन्हात दोन-तीन वर्षांत जांभळी पडते. धातूचा थर असलेली फिल्म फास्टॅगच्या आणि मोबाइलच्या सिग्नलला अडथळा आणू शकते, त्यापेक्षा धातू नसलेली सिरॅमिक फिल्म घ्या. काचेवरच ब्लेडने फिल्म कापू नका, ओरखडा राहतो. रस्त्याकडेला धुळीत लावून घेऊ नका. वरची कड काच खाली करून पूर्ण भरा, नाहीतर काच उघडली की पांढरी पट्टी दिसते.

पावसाळ्यात लावताय?

जून ते सप्टेंबर काम थांबत नाही, पण फिल्म फार हळू सुकते. लावल्यानंतर पाच दिवस काच खाली करायची नाही, हे मी गिऱ्हाइकाला चावी देण्याआधी दोनदा सांगतो आणि बटणावर चिकटपट्टीही लावतो. पहिल्या आठवड्यात आत धुकट दिसेल, पाण्याचे चपटे डाग दिसतील, ते आपोआप जातात. बोटाने दाबू नका. डाग गोल, कडक आणि मध्ये कण असेल तर तो धुळीचा दाणा, तो जाणार नाही, परत करावं लागेल. महिना उलटूनही धुकं असेल तर चिकट बाजू खराब आहे, लावणाऱ्याकडे परत न्या.

जुनी फिल्म काढायची असेल तर मागच्या मोठ्या काचेवर ब्लेड अजिबात चालवू नका. त्या बारीक तपकिरी आडव्या रेघा काचेवरचं धुकं घालवायच्या तारा आहेत, काचेच्या आतल्याच पृष्ठभागावर छापलेल्या. एक रेघ तुटली की तेवढा पट्टा पावसाळ्यात कायमचा धुकट. मी काच उन्हात तापू देतो किंवा हीट गनने हळूहळू गरम करतो, कोपऱ्यातून सोडवून रेघांच्या दिशेने आडवी ओढतो, आणि उरलेला चिकटा ओल्या कापडाखाली अर्धा तास मुरवून नखाने आणि प्लास्टिकच्या पातीने काढतो. एका काचेला दीड तास लागतो.