घरचं ॲक्वापोनिक्स: इंदूरच्या पाण्यात मासे आणि भाजी दोन्ही कसे टिकवायचे

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी गिट्टीच्या बेडमधून फिरवायचं आणि त्यावरच बेडमध्ये भाजी वाढवायची. टाकी, पंप, गिट्टीचा बेड हे जमवायला दोन रविवार पुरतात आणि त्याचे व्हिडिओ ढिगानं पडलेत, म्हणून ते इथे सांगत बसत नाही. घोडं अडतं ते पुढे, पाण्यावर. त्यातून आपलं इंदूरचं पाणी, मे महिन्यातली गच्ची, आणि मराठी घरातली "मासे पाळायचे पण खायचे नाहीत" ही भानगड, या तिन्हींचा हिशोब बाहेरच्या लोकांच्या गाईडमध्ये सापडत नाही.

आपण ५०० लिटरची टाकी आणि साधारण दीड चौरस मीटरचा, ३० सेंटीमीटर खोल गिट्टीचा बेड धरून चालू. आता पाणी ५०० किलो आणि गिट्टी त्याहून जड, म्हणजे सव्वा टनाच्या वर वजन होतं, तर गच्चीच्या मधोमध ठेवू नका, खाली बीम किंवा भिंत असेल तिथे ठेवा आणि घर जुनं असेल तर आधी इंजिनियरला दाखवाच. गिट्टी आपल्याकडची काळी घ्यायची, ती बेसॉल्टची असते, पाण्यात विरघळत नाही. पांढरी संगमरवरी खडी दिसायला छान पण ती पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, वर ढकलत राहते. शंका असेल तर खड्यावर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला की तो खडा नको.

आता पाणी. नळाला येतं ते नर्मदेचं, तिकडे जलूदहून पंप करून घाट चढवून आणलेलं, आणि त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि गिट्टीतले बॅक्टेरियाही मारतं, तर नळाचं पाणी थेट टाकीत सोडायचं नाही. वेगळा ड्रम ठेवा, तोंड उघडं, आत एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा खडा), एक दिवस तसंच राहू द्या. नाहीतरी पाणी एक दिवसाआड येतं, ड्रम भरून ठेवायची सवय आपल्याला आहेच. घाई असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात ॲन्टी-क्लोरीन मिळतं, ते मुळात हायपोच, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनची कटकट नाही पण ते जड असतं, आणि उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याच्या जागी रोज तेच घातलं की क्षार साठत जातात आणि पीएच आठाच्या खाली यायचं नावच घेत नाही. जमेल तेव्हा त्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी मिसळा, फक्त पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून.

मासे सोडायच्या आधी पाणी पिकवायला लागतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, गिट्टीवर बसलेले एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. हे बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे जातात, थंडीत जास्तच, म्हणून इंदुरात फेब्रुवारी-मार्च किंवा दसऱ्याच्या सुमारास सुरू केलेलं बरं. मासे नसताना रोज चिमूटभर फिश फीड टाकून पाण्यात अमोनिया तयार करा, पंप चालू ठेवा आणि टेस्ट करत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग नायट्रेट दिसायला लागेल, आणि ज्या दिवशी पहिले दोन्ही शून्य असून नायट्रेट आहे त्या दिवशी मासे आणा, तेही थोडे.

टेस्ट किट थेंबांची घ्या, पट्ट्या नुसता अंदाज देतात. सकाळी उजेडात पांढरा कागद मागे धरून ट्यूब बघायची, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पिवळा आणि हिरवट पिवळा यात फरकच कळत नाही. आणि इथे सगळ्यात महत्त्वाचं, अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नाही, शेजारी पीएच आणि तापमान लिहायचं. कारण किट दाखवते तो सगळा मिळून अमोनिया, त्यातला विषारी भाग किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहूनही कमी विषारी असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर, आणि त्याच पीएच ८ ला पाणी ३० डिग्रीचं असेल तर सात टक्क्यांच्या वर. म्हणजे जानेवारीत एक पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) दिसलं तर फीड बंद करून वाट बघता येते, तेच एक पीपीएम मेच्या दुपारी साडेआठ पीएचला दिसलं तर हातातलं काम टाकून पाणी बदलायला धावायचं.

पीएच ६.८ ते ७.२ ठेवा असं सगळे सांगतात, कारण तिथे झाडं, मासे, बॅक्टेरिया तिघांचंही भागतं. बरोबरच आहे, पण त्यासाठी रोज ॲसिड ओतणारे लोक माशांना जास्त त्रास देतात असं माझं स्पष्ट मत आहे. ७.८ ला स्थिर असलेलं पाणी ७ आणि ८ मध्ये झुलणाऱ्या पाण्यापेक्षा कधीही चांगलं. उतरवायचंच असेल तर ड्रममधल्या नव्या पाण्याचा उतरवा, टाकीतल्या नाही, आणि लिंबूसत्व वापरू नका, ते बॅक्टेरियाला सोसत नाही. तसंही काही महिन्यांनी पीएच आपोआप उतरायला लागतो, कारण बॅक्टेरिया काम करताना पाण्यातली क्षारता खातात. तेव्हा केएचची, म्हणजे याच क्षारतेची, टेस्टही करा. पावसाळ्यात खास लक्ष ठेवा, दोन दिवस झड लागली आणि टाकी उघडी असली की केएच पातळ होतो आणि पीएच एका रात्रीत सहाच्या खाली बसू शकतो, मग बॅक्टेरिया काम थांबवतात. त्यासाठी जुन्या मोज्यात शिंपल्यांचा चुरा भरून टाकीत लटकवून ठेवायचा, हळूहळू विरघळतो.

आता मासे. आपल्या घरांतून बहुतेक ठिकाणी मासा ताटात येत नाही, त्यामुळे गोल्डफिश किंवा कोई बरे, दोघांनाही इंदूरची थंडी सोसते. थाई मांगूर कुणी कितीही आग्रहानं दिला तरी आणू नका, आपल्याकडे त्यावर बंदी आहे. सुरुवातीला ५०० लिटरमध्ये सगळे मिळून चार किलोच्या आत राहा. पण खाणारे लोक मोठे मासे काढून घेतात, आपण काढतच नाही, मुलं नावं ठेवतात आणि वजन वाढत राहतं. वर्षभरात तेच मासे दुप्पट झाले की बेड तेवढाच आणि घाण दुप्पट. कोई तर हाताएवढे होतात. म्हणून ते कुणाला द्यायचे हे आणतानाच ठरवून ठेवा.

अमोनिया येतो फीडमधून, म्हणजे खरा नळ तुमच्या हातातला फीडचा डबा आहे. मोठ्या माशांना रोज वजनाच्या एक ते दीड टक्का, म्हणजे चार किलोला ४० ते ६० ग्रॅम, दोन वेळांत. तेवढ्यावर दीड चौरस मीटरची पालेभाजी मजेत चालते. अर्ध्या तासात उरलेलं जाळीनं काढा. घरात एकानंच फीड टाकायचं, नाहीतर आजोबा सकाळी टाकतात, नातवंडं दुपारी टाकतात आणि पोह्यातले शेव-दाणेही जातात. पाणी १५ डिग्रीच्या खाली गेलं की फीड खूप कमी करा, मासे पचवू शकत नाहीत.

उन्हाळ्यात उलटी अडचण, ऑक्सिजन. २० डिग्रीच्या पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम लिटरमागे मावतो, ३० डिग्रीला साडेसात, आणि माशांना पाचाच्या वर हवा. मार्च संपताच हिरवी नेट बांधा, टाकीवर झाकण ठेवा, नाहीतर शेवाळ येतं, आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. वादळात लाइट जाते तेव्हा सगळ्यात आधी हवा बंद पडते, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवाच.

कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, माशांच्या फीडमध्ये ते पुरेसं नसतं. चिलेटेड आयर्न (झाडांना घेता येईल असं पाण्यात विरघळून राहणारं लोह) लिटरमागे दोन मिलिग्रॅम लोह पडेल असं दोन-तीन आठवड्यांनी द्या, पीएच साडेसातच्या आत असेल तर त्यातला डीटीपीए प्रकार चालतो, वर असेल तर ईडीडीएचए प्रकार घ्या. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढा. नीमतेल सेंद्रिय म्हणून मारू नका, ते पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं.

मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी हवा वाढवा, मग टेस्ट करा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की फीड बंद, आणि एक तृतीयांश पाणी ड्रममधल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्यानं बदला. नायट्राइट असेल तर लिटरमागे एक ग्रॅम खडेमीठ बादलीत विरघळवून हळूहळू सोडा, पाणी दरवेळी मोजून, कारण मीठ साठत जातं. आणि अमोनिया खाली येईपर्यंत शिंपल्यांच्या मोज्याला हात लावू नका, त्या वेळी पीएच वाढवणं म्हणजे तोच अमोनिया जास्त विषारी करणं.