लाल राक्षसी ताऱ्यांचा वारा आणि धूळ: या चुका टाळा

लाल राक्षसी तारे, म्हणजे फुगलेले थंड तारे, आपला वायू सतत बाहेर सोडतात; तोच त्यांचा वारा. तो कसा सुटतो याचं उत्तर म्हणून सांगितलं जाणारं ‘प्रकाश धुळीला ढकलतो, धूळ वायूला ओढते’ हे वाक्य बरोबर आहे, पण तेवढ्यावर गणित मांडायला बसलात तर वारा सुटतच नाही. मग तपासायचं काय?

आधी धूळ कुठे तयार होते ते पाहा. ताऱ्याच्या पृष्ठभागावर ती धरूच नका. तिथलं तापमान ३,००० केल्विनच्या आसपास असतं आणि कण गोठायला साधारण १,५०० केल्विनच्या खाली यावं लागतं. एवढं कमी तापमान पृष्ठभागापासून वर गेल्यावरच मिळतं, आणि त्या उंचीवर पुरेसा दाट वायू पोचतो तो ताऱ्याच्या स्पंदनांमुळे. उदाहरणार्थ, मीरा हा लाल राक्षसी तारा सुमारे ३३२ दिवसांत एकदा फुगतो आणि आकसतो. त्यातून उठणाऱ्या आघातलहरी वायू वर उचलतात. स्पंदन वगळलंत तर कण घडायला मालच उरत नाही.

सर्वांत चकवणारी चूक सिलिकेटची (सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेल्या, वाळूसारख्या खनिजांची), आणि ती सुटली ती गोष्ट मला फार सुंदर वाटते. कार्बन ताऱ्यांत, म्हणजे ज्यांच्या वातावरणात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असतो त्यांत, काजळीसारखे कण प्रकाश शोषतात आणि ढकलले जातात. तोच हिशेब ऑक्सिजनयुक्त ताऱ्यांना, जिथे धूळ सिलिकेटची असते, लावला की फसतो. लोहयुक्त सिलिकेट ताऱ्याजवळ इतकं तापतं की टिकतच नाही. लोहाविना असलेलं टिकतं, पण दृश्य प्रकाशालगतच्या अवरक्त प्रकाशाला ते जवळपास पारदर्शक असतं. इथे फक्त शोषण मोजत बसू नका, विकिरण म्हणजे प्रकाशाचं विखुरणंही मोजा. कण ०.३ मायक्रॉनच्या आसपास वाढला की तो प्रकाश विखुरतो आणि त्यातूनच धक्का मिळवतो. २०१२ मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या निरीक्षणांत डब्ल्यू हायड्री, आर डोराडस आणि आर लिओनिस यांच्याभोवती, दोन तारकीय त्रिज्यांच्या आतच, याच आकाराचे कण दिसले. म्हणून कणाची त्रिज्या अंदाजाने टाकू नका.

‘दूर गेल्यावर प्रकाश क्षीण होतो, मग वारा थांबेल’ ही शंकाही वारंवार येते. गुरुत्वाकर्षणही अंतराच्या वर्गाच्या त्याच व्यस्त प्रमाणात घटतं, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर अंतरावर नव्हे, द्रव्य प्रकाश किती अडवतं यावर ठरतं. हे अडवणं मोजताना भागायचं मात्र धूळ आणि वायू यांच्या एकत्रित वस्तुमानाने. धूळ वायूच्या शेकडो पट कमी असते, आणि टकरांमधून तिला तो सगळा वायू ओढायचा असतो.

वेग सेकंदाला ५ ते २० किलोमीटर आला तर घाबरू नका, सौरवाऱ्याच्या ४०० शी तुलना इथे निरर्थक आहे. आणि स्वातीसारख्या, धूळ जवळपास नसलेल्या राक्षसी ताऱ्याला हे गणित लावूच नका.