जुनी लेन्स विकताय? मग निदान या चुका तरी करू नका

ओळखीत कोणाला कॅमेऱ्याची लेन्स विकायची असली की पहिला मेसेज मला येतो, आणि दर वेळी तीच रड. "दोन आठवडे झाले, कोणी विचारत नाही" नाहीतर "माणूस आला, बघितली आणि निम्म्या भावात मागतोय". जाहिरात पाठव म्हटलं की चादरीवर आडवी पडलेली लेन्स, काचेत ट्यूबलाईट, आणि खाली एकच ओळ, 'मिंट कंडिशन', म्हणजे अगदी नव्यासारखी.

हा मिंट शब्द आधी काढा. मीही एकदा लिहिला होता म्हणून सांगतोय. निकॉनची ७०-३०० व्हीआर झूम लेन्स होती माझ्याकडे, दोन पावसाळे बॅगेत, बॅग कपाटात, कपाट डोंबिवलीत. विकायच्या आधी मी लेन्स हातात घेतली, खिडकीकडे धरून आरपार बघितली, काही दिसलं नाही, खूश होऊन १८ हजाराची जाहिरात टाकली. एक काका फोनवर तयार झाले, ठाणे स्टेशनबाहेर एका हॉटेलात भेटलो. काकांनी चहा सांगितला, मागची कॅप काढली, माउंटपाशी (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे) असलेली ती छोटी दांडी नखाने सरकवली आणि मोबाईलचा टॉर्च लावला. आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस, म्हणजे बुरशी! काका काही बोलले नाहीत, नुसती लेन्स माझ्या हातात दिली बघायला, तेच जास्त लागलं. शेवटी ९ हजाराला दिली, वर चहाचे पैसेही मीच दिले.

मला आधी का दिसलं नाही? तर निकॉनच्या 'जी' लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की अ‍ॅपर्चर (आतलं पात्यांचं भोक) मिटलेलं असतं, आपण एवढ्याशा भोकातून बघत असतो आणि कडेचा भाग पात्यांमागे झाकलेला. ती दांडी सरकवली की पूर्ण उघडतं. कॅननच्या ईएफ लेन्स काढल्यावर उघड्याच असतात, तिथे ही भानगड नाही. तेव्हा खोलीतला लाईट बंद करा, दोन्ही कॅप काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च जरा तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलटं करून परत. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये सापडतात, फोटोत काही दिसत नाही, त्याला घाबरू नका. पण धागे किंवा जाळं दिसलं तर ते तसंच जाहिरातीत लिहा, टॉर्च मारलेल्या फोटोसकट. लोक म्हणतात असं लिहिलं तर कोण घेणार? घेतात. साफ करून वापरणारे असतात, भाव कमी मिळतो एवढंच, पण तो भाव तुम्ही घरी बसून ठरवता, हॉटेलात मान खाली घालून नाही. आणि यूट्यूब बघून स्वतः लेन्स उघडायला जाऊ नका. अशा उघडलेल्या दोन लेन्स माझ्याकडे डब्यात आल्यात, स्क्रू वेगळ्या पुडीत.

दुसरी चूक भावाची. "मी ३२ हजाराला घेतली, पाच वर्षं जपून वापरली, २५ तरी यायला पाहिजेत." का बरं? तुमचं बिल हा तुमचा इतिहास झाला, घेणाऱ्याला त्याचं काय. त्यात २०१८ ला निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माउंट आणल्यापासून लोक मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे चाललेत आणि जुन्या आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्स विकायला काढतायत. दुसऱ्यांच्या जाहिराती बघून भाव लावणं तर त्याहून वाईट, कारण ज्या जाहिराती दिसतायत त्या न विकल्या गेलेल्या लेन्सच्या आहेत! माझी सवय वेगळी आहे. मुंबईत फोर्टात बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स ठेवणारी दुकानं आहेत, तिथे एकाला फोन करून विचारतो ही लेन्स केवढ्याला द्याल, आणि दुसऱ्याला विचारतो माझी आहे, केवढ्याला घ्याल. या दोन आकड्यांच्या मध्ये माझा भाव. दुकानदाराच्या वर जायचं नाही, तो निदान उद्या दुकानात सापडतो, तुम्ही नाही. हजारभर घासाघिशीला ठेवायचे आणि मग "लास्ट प्राईस?" एवढंच लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. दोन दिवसांत विकायचीय म्हणणाऱ्यांनी सरळ दुकानात द्यावी, पण मग कमी मिळाले म्हणून मला मेसेज करू नये.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. कोणत्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर चालते ते न लिहिणं: निकॉनची एएफ-डी लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर ऑटोफोकस करत नाही, कॅननची ईएफ-एस ६डी वर बसतच नाही, आणि नवीन पोराने घरी नेऊन लावली की फोन तुम्हालाच येतो. फोटो इंटरनेटवरून उचलणं, याला तर काय बोलायचं. बिल असेल तर ते आहे असं लिहा, नसेल तर नाही म्हणून लिहा. कुरियर करायचं असेल तर सिरीयल नंबर दिसेल असा पॅकिंगचा व्हिडिओ काढून ठेवा.

आणि भेटायला स्वतःची बॉडी चार्ज करून न्या, समोरच्याला त्याची आणायला सांगा, दहा मिनिटं फोटो काढू द्या. घाई करणारा विकणारा बघितला की घेणारा आधी दोन हजार कमी करतो.

पैशाचं एकच. जो माणूस लेन्स न बघता, भाव न करता लगेच तयार होतो आणि "क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणतो, तो चोर आहे. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. स्क्रीनशॉट आणि एसएमएसवर विश्वास नाही, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बॅलन्स दिसला की मगच लेन्स हातातून सोडायची. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन लावा.

हां, आणि हूड (लेन्सच्या पुढे लावायचं ऊन अडवणारं कडं), दोन्ही कॅप, खोका हे सगळं जाहिरात टाकायच्या आधी शोधा. त्या ७०-३०० चा एचबी-३६ हूड मला दीड वर्षाने माळ्यावर सापडला, दिवाळीच्या आकाशकंदिलात. तोवर काकांचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला होता.